विकाची सुई

मराठी गवंड्याचा 'माल' कोलकात्यात 'मशला' होतो. वाळू, सिमेंट, पाणी तेच. पण एका भाषेत ते बाजारातून आल्यासारखं वाटतं, दुसरीत स्वयंपाकघरातून. गेल्या वर्षी मी एका निवृत्त बंगाली अभियंत्याच्या आठवणी मराठीत आणत होते. मशल्याशी अडलं नाही, पुढच्या क्रियापदाशी अडलं. बंगालीत सिमेंट 'जमाट बांधतं'. मराठीत ते काय करतं? तूप थिजतं, पाणी गोठतं, दही लागतं, पिठलं आळतं. सिमेंट 'वाळतं' असं आपण सर्रास म्हणतो आणि तेच नेमकं चूक आहे. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन सिमेंट घट्ट होतं, पाण्याखाली बुडवून ठेवलं तरी होतं. उलट लवकर वाळलं तर ते कच्चं राहतं. म्हणून तर नव्या स्लॅबवर पाणी बांधून ठेवतात.

मी 'आळणं' निवडलं. पण आठवणींत दोन वेळा होत्या, आळू लागण्याची आणि पुरतं आळण्याची, आणि दोन्हींच्या मध्ये एक सुई होती. त्या सुईच्या मागे मी लागले.

ती सुई लुई विकाची. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत त्याला 'विकॅट' म्हणतात. हा फ्रेंच अभियंता १८१२ पासून दॉर्दोन्य नदीवर सुय्याक इथे पूल बांधत होता. कुठला चुना पाण्यात घट्ट होतो आणि कुठला होत नाही, याचा छडा त्याने तिथे लावला आणि १८१८ मध्ये तो छापून टाकला. पेटंट घेतलं नाही. चुना घट्ट झाला हे ठरवायचं कसं, यावर त्याचा तोडगा अगदी घरगुती होता. विणकामाची सुमारे १.२ मिलिमीटर जाडीची सुई घ्यायची, टोक घासून सपाट करायचं, तिच्यावर ३०० ग्रॅम वजन ठेवायचं. सुईचा खड्डा पडला नाही, तर चुना आळला. त्याआधी हे काम बोटाने होत असे, आणि प्रत्येकाचं बोट वेगळं. आपल्या आज्या वाटीभर पाण्यात थेंब टाकून पाक गोळीबंद झाला की नाही ते बघत, तसंच. पण शेजारणीची गोळी वेगळी निघाली, तर निवाडा कोण करणार?

विकाचा ग्रंथ इंग्रजीत कोणी आणला हे कळल्यावर मला हसू आलं. लंडनला १८३७ मध्ये छापलेल्या त्या पुस्तकाचा अनुवादक होता मद्रास इंजिनीअर्सचा कॅप्टन जे. टी. स्मिथ. त्याने नुसता अनुवाद केला नाही, स्वतःचे प्रयोगही त्यात घातले. आज एखाद्या अनुवादकाने असं केलं, तर संपादक त्याला दारात उभं करणार नाही. पुढे हाच स्मिथ मद्रासच्या आणि मग कलकत्त्याच्या टांकसाळीचा प्रमुख झाला. नाण्यात धातू किती आणि चुना घट्ट किती, दोन्हीकडे प्रश्न एकच: सांगणाऱ्याच्या शब्दावर विसंबायचं की मोजायचं?

कोलकात्यात या प्रश्नाला इमारत मिळाली १९१२ मध्ये. रेल्वे बोर्डाने अलिपूरला परीक्षणगृह काढलं, तेच आजचं नॅशनल टेस्ट हाउस. त्या काळी सिमेंट मुख्यतः विलायतेहून, बोटीने यायचं. पोरबंदरचा कारखाना १९१४ चा. इतका प्रवास आणि वर बंगालची दमट हवा. सिमेंट हवेतली ओल शोषतं, पोत्यातल्या पोत्यात अर्धवट घट्ट होतं आणि त्याचा कस जातो. रेल्वेसारख्या गिऱ्हाइकाला विक्रेत्याच्या शब्दापलीकडे काहीतरी हवं होतं.

भारतीय मानक आलं १९५१ मध्ये, आय.एस. २६९. साध्या पोर्टलँड सिमेंटने ३० मिनिटांच्या आत आळू लागता कामा नये, म्हणजे गवंड्याला माल कालवून, वाहून, थापायला वेळ मिळतो. आणि ६०० मिनिटांत ते पुरतं आळलं पाहिजे, म्हणजे काम पुढे सरकतं. हा वेळ मिळावा म्हणून कारखान्यात दळतानाच थोडा जिप्सम घालतात. तो नसेल तर सिमेंट कालवता कालवताच आखडतं. तपासणीची खोली २७ अंशांची. युरोपात ती २० अंशांची असते, पण उन्हाने सिमेंट लवकर आळतं, म्हणून इथला अंश इथला ठरला. लगदा ४० मिलिमीटर उंचीच्या साच्यात भरतात आणि सुई पुन्हा पुन्हा सोडतात. सुरुवातीला ती तळ गाठते. तळापासून सुमारे ५ मिलिमीटरवर अडली, की आळायला सुरुवात झाली. मग कडं असलेली दुसरी सुई. तिच्या टोकाचा ठसा उठतो पण कड्याचा उठत नाही, तेव्हा पुरतं आळलं. सुईचं तोंड आता एक चौरस मिलिमीटरचं आहे. वजन मात्र दोनशे वर्षांनंतरही तेच, ३०० ग्रॅम.

हे सगळं वाचत असताना मला आमची झुलबारांडा, म्हणजे लटकती गॅलरी, आठवत राहिली. तीन वर्षांपूर्वी पावसाळा संपताना तिच्या कठड्याला प्लास्टर केलं होतं. दुसऱ्या दिवशी ते नखाने निघत होतं. मिस्त्री म्हणाला, पोती पावसात भिजलेली होती. दुकानदार म्हणाला, मिस्त्री जेवायला गेला, तोवर माल आखडला, मग त्याने वरून पाणी मारलं. दोन्ही गोष्टींनी प्लास्टर असंच होतं. दुकानदाराकडे शिक्क्याचं बिल होतं, मिस्त्रीकडे तोंड. मी बिलावर विश्वास ठेवला आणि मिस्त्री व त्याच्या जोगाड्याची दोन दिवसांची मजुरी कापली. उरलेली अर्धी गोणी तशीच पडून होती. ती तपासून घेतली असती, तर निदान एक बाजू कळली असती. मी ती कचऱ्यात टाकायला लावली. अलिपूर माझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर आहे.

जादवपूरला तौलनिक साहित्य शिकताना दोन पाठ शेजारी ठेवून वाचायला शिकले होते. कठड्यापाशी मी एकच वाचला.

अनुवाद संपल्यावर मिस्त्रीचा नंबर शोधून फोन केला. तो मुर्शिदाबादला गावी होता. मजुरी पाठवते म्हटलं. जरा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "पैसे जोगाड्यालाच पाठवा, त्याला मी तेव्हा काहीच देऊ शकलो नव्हतो. पण ती अर्धी गोणी ठेवायला हवी होती, दिदी."