विधिमंडळ कर्मचारी : संशोधन-साहाय्य आणि प्रशिक्षण

संसद व राज्य विधिमंडळांच्या सचिवालयांत काम करणाऱ्या ग्रंथपाल, संदर्भ सहायक, प्रतिवेदक, कक्ष अधिकारी, समिती अधिकारी आदी कर्मचाऱ्यांना अभ्यासासाठी मिळणारी साधने आणि शिक्षणाच्या सोयी. सभागृहात सदस्य बोलतो. त्या बोलण्यामागचा आकडा, कलम, जुना निर्णय आणि मागील उत्तर शोधून देणारी माणसे पडद्याआड असतात. त्यांच्या अभ्यासाची प्रत आणि चर्चेची प्रत यांचा थेट संबंध आहे. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील व्यवस्था अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या अनुषंगाने दिली आहे. या जिल्ह्याने राज्याच्या दोन्ही सभागृहांना पीठासीन अधिकारी दिले आणि विधिमंडळाच्या अभ्यासाची कसोटी पाहणारा पाणीवाटपाचा प्रश्नही दिला.

घटनात्मक आधार : संसदेच्या सचिवालयाची तरतूद संविधानाच्या अनुच्छेद 98 मध्ये आणि राज्य विधिमंडळाच्या सचिवालयाची अनुच्छेद 187 मध्ये आहे. हा सेवकवर्ग मंत्रालयाचा नव्हे, विधिमंडळाचा असतो. सरकारला प्रश्न विचारणाऱ्या सभागृहाने माहितीसाठी सरकारवरच विसंबून राहू नये, हा या वेगळेपणामागील विचार. स्वतःचे ग्रंथालय व स्वतःचे संशोधक नसतील तर तो विचार कागदावरच राहतो. महाराष्ट्रात विधानसभा (288 सदस्य) व विधान परिषद (78 सदस्य) यांचे सचिवालय एकच आहे. मुंबईचे विधान भवन 1981 मध्ये सुरू झाले. हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते, त्यामुळे सचिवालयाचे दप्तर आणि संदर्भसाहित्यही तिकडे हलवावे लागते.

राष्ट्रीय पातळी : संसदेतील संशोधन व संदर्भ शाखा 1950 मध्ये ग्रंथालयाला जोडून सुरू झाली. गणेश वासुदेव मावळंकर तेव्हा अध्यक्ष होते; पुढे 1952 मध्ये ते पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले. अमेरिकेत काँग्रेसच्या ग्रंथालयात अशी सेवा 1914 मध्ये उभी राहिली होती. मावळंकरांच्या काळात सचिवपद सांभाळणारे एम. एन. कौल आणि पुढे महासचिव झालेले एस. एल. शकधर या दोघांनी संसदीय कार्यपद्धतीवर लिहिलेला ग्रंथ 1968 मध्ये प्रसिद्ध झाला. आजही कोणत्याही विधिमंडळात प्रथेचा मुद्दा अडला की तो उघडला जातो. सचिवालयात काम करणाऱ्यांनीच लिहिलेला ग्रंथ साऱ्या देशाचा आधार ठरला, यापेक्षा या सेवकवर्गाच्या विद्वत्तेचा मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही.

प्रशिक्षणासाठी लोकसभा सचिवालयात 1976 मध्ये संसदीय अध्ययन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. पुढे त्याचे नाव बदलून ‘प्राइड’ हे संक्षिप्त नाव रूढ झाले. नवनिर्वाचित सदस्यांचे उद्बोधन वर्ग, राज्य विधिमंडळांच्या अधिकाऱ्यांचे पाठ्यक्रम आणि परदेशी संसदांतील कर्मचाऱ्यांसाठी विधेयक-मसुदा लेखनाचे प्रशिक्षण तेथे होते. लातूरचे शिवराज पाटील अध्यक्ष असताना 1993 मध्ये विभागवार स्थायी समित्या आल्या आणि समिती-कर्मचाऱ्यांचे काम पार बदलले : नोंदी ठेवणाऱ्याला आता मागण्यांची छाननी करण्याइतका विषय कळावा लागू लागला. संसदेच्या ग्रंथालयाची स्वतंत्र वास्तू 2002 मध्ये खुली झाली. चिपळूणच्या माहेरवाशीण सुमित्रा महाजन यांनी अध्यक्षपदी असताना जुलै 2015 मध्ये सदस्यांसाठी अध्यक्षीय संशोधन उपक्रम सुरू केला. त्यात बाहेरील तज्ज्ञांची मदत घेण्याची सोय होती.

महाराष्ट्र : विधिमंडळाचे प्रशिक्षण केंद्र वि. स. पागे यांच्या नावाने ओळखले जाते. पागे 1960 ते 1978 अशी 18 वर्षे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेचा प्रयोग 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे झाला, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. प्रयोगातून कायद्यापर्यंत जाणाऱ्या या अभ्यासू माणसाचे नाव केंद्राला असणे उचितच आहे. राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा नागपूर अधिवेशनकाळात राज्यशास्त्र व लोकप्रशासनाच्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग घेते. नगरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना सभागृहाचे काम जवळून पाहण्याची ही सर्वांत सुलभ वाट आहे.

भाषेचा प्रश्न येथे कळीचा आहे. राजभाषा अधिनियम 1964 चा; त्यानंतर मराठीतून कायदा करणे, उत्तर देणे आणि टिपण लिहिणे हे नित्याचे काम झाले. 1960 मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हे विधिमंडळ कर्मचाऱ्याचे रोजचे हत्यार. मात्र दिल्लीतील बहुतेक संशोधन-टिपणे इंग्रजी व हिंदीत असतात. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि कपात सूचना मराठीत हाताळणाऱ्या माणसाला शिक्षणही मराठीत मिळाले पाहिजे. या बाबतीत महाराष्ट्राला अजून पुष्कळ करायचे आहे.

जिल्ह्याचा संबंध : शेवगावचे बाळासाहेब भारदे 1962 ते 1972 या काळात विधानसभेचे अध्यक्ष होते. गांधीवादी, सहकाराचे जाणकार आणि कीर्तनकार असलेल्या भारदे यांची कारकीर्द राज्याच्या संसदीय प्रथा घडण्याच्या काळातली. अध्यक्षांनी दिलेला निर्णय पुढच्या पिढीला उपयोगी पडतो तो कर्मचाऱ्यांनी टिपून, वर्गवारी करून, सूची लावून ठेवला म्हणून. नामवंत संसदपटू मधु दंडवते यांचा जन्म 1924 मध्ये अहमदनगरचाच. जामखेड तालुक्यातील चोंडीचे राम शिंदे 19 डिसेंबर 2024 रोजी विधान परिषदेचे सभापती झाले. जिल्ह्यातील वाचनसंस्कृती जुनी आहे. नगरचे जिल्हा वाचनालय 1838 मधले.

संशोधन-साहाय्य म्हणजे नेमके काय, हे या जिल्ह्याच्या पाण्यावरून नीट समजते. राहुरी किंवा नेवाशाच्या सदस्याने जिल्ह्यातील धरणांतून खालच्या बाजूच्या, पैठणजवळील जायकवाडी धरणाला पाणी सोडण्यावर लक्षवेधी दिली, असे समजा. संदर्भ सहायकाला प्रथम महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, 2005 चे कलम 12 (6) (ग) काढावे लागते. समन्यायी वाटपाचे मूळ तेथे आहे. मग 2005 च्या चर्चेचा कार्यवृत्तांत, 2013 चा मेंढेगिरी अभ्यासगटाचा अहवाल, त्यावर आधारलेला प्राधिकरणाचा 2014 चा आदेश आणि मुंबई उच्च न्यायालयाचा 2016 चा निकाल. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, हे सूत्र या कागदांतून आलेले आहे. यानंतर मुळा, भंडारदरा व निळवंडे यांचे साठे. खाते आकडे दलघमीत (दशलक्ष घनमीटर) देते, सदस्य टीएमसीत (अब्ज घनफूट) बोलतो. 1 टीएमसी म्हणजे सुमारे 28.3 दलघमी. हा गुणाकार चुकला तर मंत्र्याचे उत्तर आणि सदस्याचा आरोप दोन वेगळ्या धरणांबद्दल असल्यासारखे ऐकू येतात. शेवटी हे सारे दोन पानांत, कोणाचीही बाजू न घेता मांडायचे. तेच टिपण उद्या पैठणच्या सदस्यानेही मागितले तर त्यालाही तेवढेच उपयोगी पडावे, ही त्याची खरी परीक्षा.

या कलमाचा दणका जिल्ह्याला बसला तो कायदा होऊन सात-आठ वर्षांनी. विधेयक मांडले जातानाच प्रत्येक कलमाचा कोणत्या खोऱ्यावर काय परिणाम होईल, याचे टिपण सर्व सदस्यांच्या हाती पडणे ही चैन नव्हे. तो सभागृहाचा हक्क आहे.

उणिवा : अधिवेशनात रात्रीचा दिवस करावा लागतो आणि प्रशिक्षण दोन अधिवेशनांच्या मधल्या फटीत बसवले जाते. एक-दोन दिवसांच्या व्याख्यानांनी कार्यपद्धती कळते, पण अर्थसंकल्प वाचणे, लेखापरीक्षा अहवालातून प्रश्न काढणे, विधेयकाची चिकित्सा करणे ही कौशल्ये त्यातून येत नाहीत. त्यासाठी विद्यापीठांशी करार, पगारी अभ्यासरजा आणि एकाच विषयावर काही वर्षे काम करण्याची मुभा लागते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारखी संस्था जिल्ह्यातच आहे. शेती, पाणी आणि ऊस या विषयांवर विधिमंडळाच्या संशोधकांनी तेथे काही आठवडे राहून शिकावे, अशी व्यवस्था फार खर्चाची नाही. संशोधनाचे काम बदलीच्या फेऱ्यातील एक टेबल न मानता त्याचा स्वतंत्र संवर्ग करणे आणि त्याला बढतीची वाट देणे, ही महाराष्ट्र विधिमंडळाने प्रथम करावयाची सुधारणा आहे.