शिखांचा नित्यनेम

मंडळात हरिपाठ म्हणणाऱ्या भगिनींना ‘नित्यनेम’ हा शब्द काही नवा नाही. शीख घरांतही तोच चालतो; उच्चार तेवढा ‘नितनेम’. पहाटे स्नान करून जपजी, जाप व सवैये, तिन्हीसांजेला रहिरास आणि निजताना सोहिला. हा सोहिला अंत्यसंस्कारानंतरही म्हणतात. रोजची निद्रा आणि शेवटची निद्रा, दोहोंना एकच पाठ! मला याचे फार नवल वाटले.

जाप व सवैये गुरु गोविंदसिंहांचे. बाकीची वाणी मुख्यत्वे आदिग्रंथातली. तो पाचवे गुरु अर्जुनदेव यांनी सिद्ध केला, भाई गुरदासांनी लिहून काढला आणि 1604 साली अमृतसरच्या हरिमंदिरात त्याची स्थापना झाली. त्यात गुरूंच्या वाणीशेजारी कबीर विणकर, रविदास चर्मकार, शेख फरीद आणि आपले नामदेव शिंपीही बसले आहेत. नामदेवांची 61 पदे त्यात आहेत. पंढरीच्या वाटेवरचा हा माणूस पंजाबात घरोघर पोचला, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक असेल? ग्रंथाची स्थापना झाल्यावर दोनच वर्षांनी, 1606 मध्ये, गुरु अर्जुनदेवांचा लाहोरात छळ होऊन अंत झाला.

पुढे 1708 मध्ये नांदेडला, गोदावरीच्या काठी, गुरु गोविंदसिंहांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथालाच गुरुपद दिले. म्हणूनच पहाटे त्याचा ‘प्रकाश’ होतो, वर चवरी ढाळतात, आणि रात्री वस्त्रांत गुंडाळून ‘सुखासन’ घडवतात. आपण देवाला शेजघरी नेतो ना, तसेच.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. तिसरे गुरु अमरदास यांनी सती व पडदा यांचा निषेध केला. दुसरे गुरु अंगद यांच्या पत्नी माता खीवी यांच्या लंगरातली तुपाची खीर तर ग्रंथात नावानिशी आली आहे. स्वयंपाकघराला इतका मान मी अन्य धर्मग्रंथांत वाचलेला नाही. 1945 साली मान्य झालेल्या रहित मर्यादेने ग्रंथपाठाचा अधिकार स्त्रीपुरुष दोघांना दिला. अमृत देणाऱ्या पाचांतही स्त्री बसू शकते. तरीही हरिमंदिराच्या गाभ्यात स्त्रियांना कीर्तन करू द्यावे, म्हणून 2019 साली पंजाब विधानसभेला ठराव करावा लागला. खीवीमातेची खीर ग्रंथात, आणि तिच्या लेकींचा आवाज मात्र दाराबाहेर!