बिनतारी आज्ञा आणि सामाईक तार

१८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला यांनी बिनतारी लहरींनी चालणारी छोटी नाव पाण्यात फिरवून दाखविली. पाहणाऱ्यांपैकी कित्येकांना ती जादू वाटली. परंतु नावेच्या पोटात बॅटऱ्या, विजेच्या मोटरी आणि तारा होत्याच. आजच्या हौशी मंडळींच्या बिनतारी मोटारगाडीतही तेच आहे. रिसीव्हरपासून चाके वळविणाऱ्या सर्व्होपर्यंत तीन तारा जातात : धन, ऋण व संकेताची. संकेताचा ठोका सुमारे दीड मिलिसेकंदाचा असला म्हणजे चाके सरळ राहतात. तो लांबला वा आखडला की वळतात. मात्र ऋण तार सर्व भागांना सामाईक हवी. ती तुटली की संकेत पोचूनही त्याचा अर्थ लागत नाही. आम्ही संघटनेचे काम करणाऱ्यांनी तरी ही तार विसरू नये.