ओळखीची चिठ्ठी, ओळखीचा डबा

घरात मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली, की पेढ्यांपाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो : ‘कुणाची ओळख आहे का?’ मामा बँकेत असतो, शेजारच्या काकांचा जावई कुठल्याशा कंपनीत असतो, मग त्यांच्याकडे अर्ज पोचवला जातो. ज्यांच्याकडे असा मामा नसतो, ते ‘आपला वशिला नाही’ म्हणून गप्प बसतात. अलीकडे याच गोष्टीला ‘प्रोफेशनल नेटवर्किंग’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. ती लिंक्डइनसारख्या संकेतस्थळांवर चालते आणि तिच्यावर व्याख्यानेही होतात. त्यामुळे ही काही नवीनच विद्या आहे, असा अनेकांचा समज होतो. पण या विद्येचा इतिहास मुंबईइतकाच जुना आहे आणि तो पाहिल्याशिवाय आजच्या पडद्यावरच्या ओळखीचे मोल नीट कळत नाही, असे मला वाटते.

मुंबईच्या कापडगिरण्यांपासून सुरुवात करू. गिरणीत माणूस लावायचा तो मालक नव्हे, तर जॉबर, म्हणजे मुकादम. तो आपल्या गावचे, नात्यातले, जातीतले लोक आणी. रत्नागिरी किंवा साताऱ्याहून आलेला तरुण आधी लालबाग-परळच्या गावकीच्या खोलीत उतरायचा. तिथे पथारी टाकायला जागा, खानावळीत उधारीवर जेवण आणि चार दिवसांनी गिरणीच्या दारात उभे राहण्याची सोय, असे सगळे एकाच ओळखीवर होई. गोव्याहून येणाऱ्या खलाशांची व्यवस्था अशीच होती. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव भागात त्यांच्या गावागावांचे ‘कूड’ म्हणजे क्लब होते. दोन सफरींच्या मधल्या काळात खलाशी तिथे राहत, एकत्र प्रार्थना करीत आणि कुठल्या बोटीवर माणसे हवी आहेत याची बातमीही तिथेच कळे. व्यवसायाचे जाळे म्हणतात ते हेच. त्यासाठी ना वीज लागत होती, ना यंत्र.

पण या जाळ्याला किंमत होती. जॉबर नोकरी देताना ‘दस्तुरी’ घेई आणि ती नोकरी टिकवण्यासाठीही घेई. त्याहून मोठी किंमत जाळ्याबाहेर राहिलेल्यांनी मोजली. गिरणीतल्या विणकाम खात्यात पगार बरा होता, पण तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, मग विटाळ होईल, असे कारण पुढे केले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न ठामपणे मांडला. ओळखीवर चालणारी व्यवस्था आतल्याला ऊब देते आणि बाहेरच्याला दार लावते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

त्यावर उपाय म्हणून ओळखच नको, असा विचार पुढे आला. शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या सत्तेवर टीका केली. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आणली. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४५ मध्ये सरकारी सेवायोजन कार्यालये निघाली आणि पुढे ती सर्वांना खुली झाली. १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा या कार्यालयांना कळवणे अनेक आस्थापनांवर बंधनकारक झाले. मात्र तिथूनच माणूस घेतला पाहिजे, अशी सक्ती त्यात नव्हती. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे ते कार्ड एका पिढीने किती जपून ठेवले, हे अनेक वाचकांना आठवत असेल. दर काही वर्षांनी नूतनीकरण करायचे आणि पोस्टमनची वाट पाहायची. कार्डाने सगळ्यांना एका रांगेत आणले, हे त्याचे मोठेपण. पण रांग पुढे सरकत नसे, ही त्याची व्यथा.

तिसरी वाट व्यावसायिकांच्या मंडळांची. शिकागोत २३ फेब्रुवारी १९०५ रोजी पॉल हॅरिस या वकिलाने रोटरीची पहिली बैठक भरवली. प्रत्येक व्यवसायाचा एकेक प्रतिनिधी, अशी तिची कल्पना. मुंबईत रोटरी क्लब १९२९ मध्ये आला. पण स्त्रियांना या क्लबांचे दार जगभर उघडायला १९८९ साल उजाडावे लागले, तेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर. आपल्याकडे अभियंता माधवराव भिडे यांनी २००० साली सॅटर्डे क्लब सुरू केला. मराठी उद्योजकांनी नियमित भेटावे आणि एकमेकांना काम मिळवून द्यावे, हा त्याचा उद्देश. ‘मराठी माणूस मराठी माणसाला पुढे येऊ देत नाही’ या घासून गुळगुळीत झालेल्या तक्रारीला दिलेले ते कृतिशील उत्तर होते.

आता आमच्या भाईंदरकडे येतो. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे ही पहिली उपनगरी गाडी धावली, तेव्हा खाडीकाठचे हे गाव मिठागरांचे आणि मासेमारीचे होते. १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती, २०११ मध्ये ती ८ लाखांवर गेली. १९८२ च्या गिरणी संपानंतर आणि जागांचे भाव चढत गेल्यावर गिरगाव, लालबाग, दादर सोडून किती कुटुंबे इकडे आली! जागा मोठी मिळाली, पण चाळीचा व्हरांडा मागे राहिला. त्या व्हरांड्याबरोबर गावकीची खोली, मंडळ आणि नाक्यावरचा ओळखीचा माणूसही मागे राहिला.

हा व्हरांडा भाईंदरकरांना परत मिळाला तो लोकलच्या डब्यात. चर्चगेट इथून सुमारे ४३ किलोमीटर. रोजचे अडीच-तीन तास गाडीत गेल्यावर ठरलेल्या गाडीचा, ठरलेल्या डब्याचा ग्रुप होतोच. मी भाईंदर पश्चिमेहून वर्षानुवर्षे असाच प्रवास केला. आमच्या डब्यात बँकेचा कारकून, हिऱ्याच्या बाजारातला दलाल, पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा कारखाना असलेला मारवाडी शेठ, मंत्रालयातले साहेब आणि एल.आय.सी.चा एजंट होता. भजन, पत्ते, भांडण यांच्या जोडीने तिथे आणखी एक व्यवहार चाले. ‘आमच्याकडे अकाउंट्सला माणूस हवाय’, असे कुणीतरी बोले आणि अंधेरी येईपर्यंत तीन नावे पुढे येत. ही माणसे एकमेकांच्या घरी क्वचितच जात. कित्येकांची पूर्ण नावेही माहीत नसत.

घरच्यांपेक्षा या अर्धवट ओळखीच्या माणसांकडून नोकरीची बातमी का यावी? याचे उत्तर मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एका निबंधात दिले. बोस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्यांकडे त्याने चौकशी केली होती. ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली, त्यांच्यापैकी जेमतेम १७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वारंवार भेटत होते. सुमारे ५६ टक्के अधूनमधून भेटत आणि २८ टक्के क्वचितच. कारण सोपे आहे. जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. दूरच्या ओळखीचा माणूस मात्र वेगळ्या वर्तुळात वावरतो, म्हणून बातमी तो आणतो. आमचा डबा म्हणजे अशा पातळ धाग्यांचेच विणकाम होते.

याच मार्गावर ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. भाजी निवडता निवडता शिकवण्या, शिवणकाम, पापड-मसाल्यांच्या ऑर्डरी आणि नोकऱ्यांच्या बातम्या तिथे फिरू लागल्या. योगायोग असा, की बरोबर अकरा वर्षांनी, ५ मे २००३ रोजी, लिंक्डइन सुरू झाले. त्याआधी १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम आले होते, पण ते जाहिरातींचे पान होते. लिंक्डइनने ओळखीच नोंदवायला घेतल्या. ‘तुमच्या ओळखीच्याच्या ओळखीचा’ माणूस प्रथमच डोळ्यांना दिसू लागला. आज भारतात त्याचे १० कोटींहून अधिक सभासद आहेत. २०२१ मध्ये ते हिंदीत आले, नंतर मराठीचीही भर पडली.

ग्रॅनोव्हेटरचे म्हणणे पडद्यावरही खरे ठरते का, याची परीक्षा २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाली. लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सभासदांवर पाच वर्षे चाललेल्या प्रयोगांचे ते विश्लेषण होते. निष्कर्ष असा, की नोकरी मिळायला सर्वांत उपयोगी पडतात त्या मध्यम पातळ ओळखी, म्हणजे अगदी परक्याही नव्हेत आणि अगदी जिवलगही नव्हेत. पण आणखी एक गोष्ट त्यात दिसली. ज्या उद्योगांत संगणकाचे काम कमी, तिथे घट्ट ओळखीच अधिक कामी येतात. भाईंदर पूर्वेच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिश करणाऱ्याला आजही गावचा माणूसच काम लावतो, यात म्हणूनच नवल नाही.

मग ज्याला मामा नाही त्याने काय करावे? डब्याची रीत पडद्यावरही चालते. डब्यात पहिल्याच दिवशी कुणी नोकरी मागत नसे. आधी थोडे सरकून जागा द्यायची, पेपरचे पान द्यायचे, मग बोलणे. इथेही आपण कोण, काय येते, कुठे शिकलो, हे साध्या शब्दांत लिहावे. न केलेले काम केले म्हणून सांगू नये, कारण पडद्यावरचे खोटे पुसले जात नाही. आपल्या महाविद्यालयातून आधी बाहेर पडलेल्यांना चार ओळी लिहाव्यात. ‘मला नोकरी द्या’ म्हणण्याऐवजी ‘या कामात शिरायला काय शिकावे लागते?’ असे विचारावे. दहांपैकी दोघे उत्तर देतील, आणि दोन पुरेत. आपल्याला कळलेली जागा आपल्याला नको असेल, तर ती दुसऱ्याला जरूर कळवावी. जाळे घेण्याने विरते, देण्याने विणले जाते.

जुन्या जाळ्याचे दोष मात्र नव्यातही उतरले आहेत. नोकरीच्या आमिषाने आधी पैसे मागणारा भामटा म्हणजे दस्तुरी घेणारा जॉबरच. फरक एवढाच, की जॉबर निदान काम तरी द्यायचा! खरा मालक पैसे देतो, मागत नाही, एवढे प्रत्येक घरात सांगितले गेले पाहिजे. आणि ‘या व्यक्तींना तुम्ही ओळखत असाल’ अशी जी नावे यंत्र सुचवते, ती बहुधा आपल्यासारख्यांचीच असतात. त्यावर विसंबलो तर पडद्यावरही गावकीचीच खोली तयार होईल आणि इंग्रजी न येणारा, आडगावचा, वेगळ्या आडनावाचा मुलगा पुन्हा दाराबाहेरच राहील.

म्हणून ज्यांची गाडी लागली आहे, त्यांच्याकडे माझे एकच मागणे आहे. एखाद्या अनोळखी मुलीचा किंवा मुलाचा नम्र संदेश आला, तर दोन ओळींचे उत्तर द्या. नोकरी देणे आपल्या हाती नसेल, पण वाट सांगणे असते. शंभर वर्षांपूर्वी वाट सांगण्याची मक्तेदारी मुकादमाकडे होती. आज ती आपल्या प्रत्येकाच्या हातात आली आहे, आणि तिची दस्तुरी घ्यायची नसते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)