विश्वामित्रीतलं मगरींचं बेट

पावागडाहून आलेली विश्वामित्री बडोद्यात शिरते ती उत्तरेकडून, समाच्या अंगाने. आज इथे सोसायट्या आहेत, पुलावर अखंड वर्दळ आहे. पूर्वी समा शहराबाहेरचं गाव होतं. नदी, तिच्या घळी आणि शेतं यांच्यामध्ये भिंती नव्हत्या; मगरीला चढायला मोकळा काठ होता.

सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८९० च्या दशकात, शहराला आजव्याचं पाणी मिळू लागलं. मगरी त्या सरोवरातही आहेत आणि त्याचं जादा पाणी विश्वामित्रीतच सुटतं. पुढे शहर पसरलं, दोन्ही तीर बांधकामांनी दाबले गेले आणि मगरींच्या वाट्याला पाण्याचा लांबलचक, चिंचोळा पट्टा उरला. तरी त्या टिकल्या. खोडियार मातेचं वाहन म्हणून गुजरातेत मगरीला मान आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षणही मिळालं. २०२५ मध्ये झालेल्या गणनेत चारशेहून अधिक मगरी आढळल्या.

संख्या दिलासा देते, पण तिच्यावर विसंबणं धोक्याचं. एकाच जागी कोंडलेल्या प्राण्यांवर संकट आलं की ते सगळ्यांवर येतं. गीरमध्ये २०१८ साली तसंच झालं: रोगाची साथ आली आणि काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले.

विश्वामित्रीच्या मगरींना पुराची वाट तरी आहे. २०१९ च्या आणि २०२४ च्या पुरात समाजवळच्या भूखी कांसेसारख्या ओढ्यांतून पाणी उलटं वस्तीत चढलं, त्याबरोबर मगरीही अंगणापर्यंत आल्या. स्वयंसेवकांनी त्यांचे जबडे बांधले आणि त्यांना वनखात्याच्या हवाली केलं. लोक म्हणतात, मगर घरात घुसली. खरं तर नदी आपल्या जुन्या पूरक्षेत्रात आली होती.

खरी नड मातीच्या काठाची आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर मादी पाण्याच्या पातळीच्या वर मागच्या पायांनी खड्डा खणते, पंचवीस-तीस अंडी घालते आणि माती लोटून ती झाकते. पावसाच्या सुमारास आतून पिलांचा आवाज आला की तीच खड्डा उकरते आणि पिलांना तोंडात धरून पाण्यात नेते. काठ दगडी फरशीने बांधून काढला तर हे व्हायचं कसं?

राष्ट्रीय हरित लवादाने २०२१ मध्ये नदीच्या संरक्षणासाठी आदेश दिले. २०२४ च्या पुरानंतर पात्र खोल आणि रुंद करण्याचं काम २०२५ च्या पावसाळ्याआधी उरकण्याची घाई झाली, ती नेमकी अंडी उबण्याच्या दिवसांत. पुरापासून घरं वाचवायलाच हवीत; पण घरट्यांचे काठ आधी हेरून, निदान पिलं बाहेर पडेपर्यंत तिथे यंत्र थांबवणं बडोद्याला जमण्यासारखं आहे.