फरक किती पडला?

मंडळी, आमच्या भंडारदऱ्यात कुणी "औषधाने गुण आला" म्हटलं, की मी विचारतो, "ज्यांनी घेतलं नाही, त्यांचं काय झालं?" ही सवय मला गडचिरोलीच्या प्रयोगाने लावली. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत आरोग्यदूतांकडून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. ४७ गावांत नेहमीचीच सेवा राहिली. सुरुवातीला दोन्हीकडे दर हजारी साठेक बाळं दगावत. १९९७-९८ साली पहिल्या गावांत हा आकडा सुमारे २५ झाला, दुसऱ्या गावांत साठच राहिला. निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. पण 'योगायोग नव्हे' एवढंच ती सांगते. हजारामागे तीसहून जास्त बाळं वाचली, हे फरकाचा आकडाच सांगतो. आईला विचाराल, तर तोच महत्त्वाचा. असो.