सतत-ऑनलाइन प्रतसंरक्षण
व्हिडिओ गेमच्या चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून, खेळाडू एकटाच खेळत असला तरी गेम कंपनीच्या सर्व्हरशी अखंड जोडून ठेवण्याची पद्धत. जोडणी तुटली की रीतसर विकत घेतलेला गेमही थांबतो. ‘असॅसिन्स क्रीड २’च्या संगणक आवृत्तीत (मार्च २०१०) युबिसॉफ्टने ती लादली, त्याच महिन्यात सर्व्हर कोलमडले आणि पैसे मोजलेले ग्राहकच बाहेर राहिले. ‘डायब्लो ३’ (२०१२) आणि ‘सिमसिटी’ (२०१३) यांचे पहिले दिवसही असेच गेले. सिमसिटी सर्व्हरशिवाय चालणारच नाही, असे सांगितले जात होते. २०१४ मध्ये ऑफलाइन सोय आली आणि तो दावा फोल ठरला.

विट्यासारख्या यंत्रमागाच्या गावात जोडणीवर विसंबण्याचा हा दोष सहज कळतो. वीज गेली की राउटर बंद. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असूनही खेळ संपला. मग मोबाइलचा हॉटस्पॉट, तोही रोजच्या डेटातून. सप्टेंबर २०२३ मध्ये पुसेसावळीतील दंगलीनंतर शेजारच्या सातारा जिल्ह्यात इंटरनेट सेवाच बंद होती. तेव्हा हाही मार्ग उरला नव्हता.

सर्वांत गंभीर दोष गेमच्या आयुष्याचा. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी ‘द क्रू’चे सर्व्हर बंद केले, डिस्क कपाटात असलेल्यांचाही एकट्याने खेळण्याचा भाग त्याबरोबर गेला.